अक्कांची पाण्याची वही

सुरुवातीलाच सांगते, आमच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत गिरणीवाल्या अक्का पडल्या. 21 डिसेंबर 2025 ला, रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास कळलं. निवडून आलेल्या उमेदवाराला 742, अक्कांना 583, तिसऱ्या बाईंना 214 आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ला 31. गेल्या आठवड्यात अक्कांच्या निवडणूक खर्चाचा अंतिम हिशेब मी जमा केला आणि पोच घेतली. आता त्या निवडणुकीचं माझ्याकडे काहीच काम उरलेलं नाही. रोज रात्री जेवणं झाली की रजिस्टर उघडून बसायची सवय लागली होती, त्या वेळेत हे लिहिते आहे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, ‘क’ वर्ग नगरपरिषदेचं. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. लग्न होऊन इथं आले त्याला तेरा वर्षं झाली आणि पहिल्या आठवड्यापासून आमचं दळण अक्कांच्या गिरणीवर. गिरणी म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. त्यात ज्वारी-बाजरीचं एक आणि गव्हाचं एक अशी दोन जाती, भिंतीला वजनकाटा, आणि दारापासून आतपर्यंत नावांच्या चिठ्ठ्या टाकलेले डबे. अक्कांचे यजमान दाजी पट्टा, मोटार, दगडांना टाकी लावणं हे बघतात. अक्का दळतात. पीठ पडायला लागलं की त्या चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, डोळे मिटून. मग दगड किंचित सैल किंवा घट्ट करतात. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाला मऊ भाकरी लागते, कुणाला थालीपिठाची भाजणी भरड हवी असते, हे त्यांना चिठ्ठीवरच्या नावावरून ठाऊक असतं.

आता वहीचं सांगते.

आमच्या नगरपरिषदेची आधीची निवडणूक 2016 च्या नोव्हेंबरात झाली होती. नोटाबंदी नुकतीच झाली होती म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या नगरसेवकांची मुदत पाच वर्षांनी संपली आणि पुढची निवडणूक आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकली. जवळजवळ चार वर्षं गावाला नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. आधी पाणी आलं नाही तर बायका सरळ नगरसेवकाच्या दारात जायच्या. तो चांगला होता की वाईट हा प्रश्न वेगळा, पण त्याचं दार माहीत होतं. तो जेवत असला तरी ताटावरून उठून फोन लावायचा, कारण पाच वर्षांनी त्यालाही आमच्या दारात यायचं होतं. ते दार बंद झालं. राहिली फक्त लेखी तक्रार.

2022 च्या उन्हाळ्यात खालच्या आळीतल्या आम्ही सातआठ जणी तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “पाणी कमी येतं म्हणजे किती मिनिटं येतं? नोंद आहे का तुमच्याकडं?” कुणाकडेच नव्हती. आम्ही परत आलो. बाकीच्या जणी चिडल्या होत्या, मीही चिडले होते. अक्का काही बोलल्या नाहीत. गिरणीत त्यांची एक वही होती, तिच्यात त्या लाईट कधी गेली आणि कधी आली ते लिहायच्या, कारण लाईट नसली की गिरणी बंद आणि गिऱ्हाईक दारात उभं. त्याच वहीत त्या दिवसापासून त्यांनी पाणीही लिहायला सुरुवात केली. तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, किती मिनिटं, लाईट होती का नव्हती. निळ्या पेनानं, आडव्या रेघा मारून. पहिली वही भरली की दुसरी.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. साडेतीन वर्षांहून थोड्या जास्त काळात 261 नोंदी झाल्या. लग्नकार्याला बाहेरगावी गेल्या तरी त्या शेजारणीला सांगून जायच्या, “मिनिटं बघून ठेव गं.”

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांनी त्या तिन्ही वह्या माझ्यापुढं ठेवल्या. “तू हिशेबातली हाईस. बघ बरं, मला काय दिसतंय तेच तुला दिसतंय का?” मी दोन रविवार बसून सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. 261 पैकी 23 वेळा पाणी सुटलं तेव्हा लाईट गेलेली होती. त्या 23 वेळा आमच्या खालच्या आळीत पाणी पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं आलं होतं. बाकीच्या वेळी दहा, बारा, फार तर पंधरा.

मला अजून तो क्षण आठवतो. पडद्यावर आकडे समोर होते आणि माझ्या अंगावर काटा आला. पाणी उंच टाकीतून उतारानं येतं, ते यायला लाईट लागत नाही. लाईट असली की मात्र वरच्या अंगाच्या घरांत नळाला लावलेल्या मोटारी सुरू होतात आणि पाइपातलं पाणी वरच्या वर ओढून घेतात. शेवटच्या टोकाला आम्ही, आमच्या वाट्याला फक्त नळाची फुसफुस. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही, नगरपरिषदा अशा मोटारी जप्तही करतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि तारीखवार 261 ओळींत ते उभं राहणं वेगळं. सातवी शिकलेल्या, दिवसभर पिठानं पांढऱ्या झालेल्या एका बाईनं ते उभं केलं होतं.

“मलाबी तेच दिसलं,” अक्का म्हणाल्या. “लाईट गेली की पाणी येतंय.”

ऑक्टोबरात प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या प्रभागात दोन जागा. ‘अ’ नागरिकांचा मागास प्रवर्ग, ‘ब’ सर्वसाधारण महिला. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी गिरणीत चारपाच जणींनी एकदमच विषय काढला. अक्का हसून विषय उडवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातातलं माप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “फारम कधी भरायचा आसतो?”

4 नोव्हेंबरला निवडणूक जाहीर झाली. 10 ते 17 तारखेपर्यंत अर्ज. अपक्ष उभं राहणाऱ्या माणसाला आठ दिवसांत किती कागद जमवावे लागतात हे मला त्या आठवड्यात कळलं. मतदार यादीतलं नाव आणि अनुक्रमांक, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, अपत्यांबद्दलची घोषणा, निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं. शपथपत्रात ‘व्यवसाय’ या रकान्यात कुणीतरी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. अक्कांनी ते खोडायला लावलं आणि ‘पिठाची गिरणी’ लिहून घेतलं. सूचकाची, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराची, सही मी तीनदा तपासली. आमच्याच जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत सूचकाची सही नाही म्हणून नगराध्यक्षपदाचा एक अर्ज छाननीत बाद झाला, ते पुढं सगळ्या महाराष्ट्रानं बातम्यांत पाहिलं. एका सहीवर माणसाचं उभं राहणं अवलंबून असतं.

अपक्षाला चिन्ह मिळालं 26 नोव्हेंबरला. कपबशी. प्रचार संपणार 1 डिसेंबरला रात्री दहा वाजता. पक्षाच्या उमेदवारांची चिन्हं लोकांना पाठ असतात, अपक्षाला सहा दिवसांत घराघरात कपबशी पोचवायची असते. त्यात नगरपरिषदेचं मतदान विधानसभेसारखं एका बटणाचं नाही. नगराध्यक्षाला एक, ‘अ’ जागेला एक, ‘ब’ जागेला एक, अशी तीन मतं. एकच बटण दाबून बाई बाहेर आली तर मत पूर्ण होत नाही. अक्कांनी हे शिकवलं ते गिरणीत. डब्याच्या उलट्या झाकणावर चिमूटभर पीठ पसरायच्या आणि बोटानं तीन रेघा ओढायच्या. “ही पहिली नगराध्यक्षाची, तिथं तुला वाटंल ते दाब. ही दुसरी, तिथंबी तुझ्या मनाचं. ह्या तिसऱ्या ठिकाणी कपबशी बघ. आन् लांब आवाज आल्याबिगर भायेर यायचं नाही.” मग झाकण हलवून पीठ सारखं करायचं आणि समोरच्या म्हातारीला सांगायचं, आता तू काढून दाखव. पिठात रेघा काढणाऱ्या त्या सुरकुतलेल्या बोटांचा एखादा फोटो काढून ठेवायला हवा होता. राहून गेला.

माझं काम खर्चाचं. ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा अडीच लाख रुपये. अक्कांचा सगळा मिळून खर्च झाला 58,640. यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून लिहिते. कुणी फुकट मदत केली तरी ती खर्चात धरावी लागते. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या दादांनी भोंगा लावून पाच दिवस रिक्षा फिरवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. “अक्कांनी माझ्या आईचं दळण वर्षभर उधारीवर दिलं होतं, त्याचं मी काय दिलं?” असं म्हणाले. तरी दरपत्रकाप्रमाणे पाच दिवसांचं भाडं मला खर्चाच्या बाजूला आणि तेवढीच रक्कम मदत म्हणून दुसऱ्या बाजूला लिहावी लागली. चहा, नाश्ता, जेवण, खुर्ची, सतरंजी, प्रत्येकाला दर ठरलेला. शेजारच्या दोघी जावांनी तीन दिवस कार्यकर्त्यांना भाकरी आणि शेंगांची चटणी करून घातली, तीसुद्धा ‘जेवण’ म्हणून दरानं लागली. रोज रात्री त्या रजिस्टरात मी आकडे भरत होते आणि एका बाईनं वीस वर्षांत गल्लीत काय पेरलं होतं ते माझ्यापुढं ओळीनं मांडलं जात होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे लिहायला घेतलं, ती सांगते.

28 नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी वरच्या आळीत बैठक होती. प्रभागातली निम्मी सुखवस्तू घरं तिथं आहेत, दुमजली, तिमजली, गच्चीवर काळ्या टाक्या. निघायच्या आधी मी अक्कांना म्हणाले, “तिथं मोटारीचं काढू नका. रस्त्याचं बोला, दिव्यांचं बोला, घंटागाडीचं बोला. मोटारीचं निवडून आल्यावर बघू.” दाजींचंही तेच मत होतं. सगळ्यांचंच होतं.

अक्का चप्पल घालत होत्या. म्हणाल्या, “आन् निवडून आल्यावर मोटारी बंद कर म्हणून सांगायला गेले, तर त्या बायका मला काय म्हणतील? मत मागताना का बोलली न्हाईस म्हणतील. मग मी तोंड कुठं लपवू?”

देवळासमोरच्या फरसबंदीवर तीसपस्तीस माणसं होती, बायका जास्त. अक्कांना भाषण येत नाही. त्यांनी वही उघडली आणि वाचायलाच सुरुवात केली. “बारा मार्च, सकाळी सहा दहाला पाणी आलं, सहा बावीसला गेलं. बारा मिनिटं. लाईट होती. सतरा मार्च, अकरा मिनिटं. लाईट होती. बावीस मार्च, एक्केचाळीस मिनिटं. लाईट नव्हती.” अशा दहाबारा ओळी वाचल्या. आवाज शाळेतल्या मुलीसारखा, एका सुरात. मग वही मिटली. “खालच्या आळीत पन्नास घरं हाईत. बारा मिनिटांत पाचसहा घागरी भरत्यात, त्या पाच दिवस पुरवायच्या. तुम्ही नळाला लावलेली मोटार काढली तर आमाला चाळीस मिनिटं पाणी येतंय. मी निवडून आले तर पाणी सुटायच्या वेळेला लाईट बंद ठेवा म्हणून वीज कंपनीला ठराव करून पाठवायला लावणार. ते आधीच सांगते. नंतर फसवलं म्हणू नका.”

चुळबूळ झाली. एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. वाईट बोलले नाहीत, पण आवाज चढला होता. “आमची टाकी तिसऱ्या मजल्यावर आहे. मोटारीशिवाय पाणी चढेल का?”

“मोटार लावा की,” अक्का म्हणाल्या. “हौदाला लावा. नळाचं पाणी आपल्या पायानं हौदात पडू द्या आन् हौदातनं मोटारीनं कितीबी वर न्या. नळाच्या तोंडाला लावू नका, तेवढंच म्हणणं हाय.”

ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा आला. कप परत घेताना एक सून हळूच म्हणाली, “माझं माहेर अशाच टोकाला आहे हो अक्का,” आणि आत निघून गेली. परत येताना रिक्षात दाजी म्हणाले, “वरची आळी गेली.” अक्कांनी मान हलवली. मी गप्प बसले. मला मनातून राग आला होता, आपण इतके दिवस राबतो आहोत आणि ह्यांनी एका संध्याकाळी ते घालवलं, असा. तो राग चूक होता, हे मला आज स्पष्ट म्हणायचं आहे.

1 डिसेंबरच्या रात्री दहानंतर भोंगे बंद झाले आणि पाकिटं फिरायला लागली. लोक त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. मला तो शब्द उच्चारवत नाही. लक्ष्मी आमच्या देव्हाऱ्यात असते, तिचं नाव ह्याला देऊ नये. कुणाची पाकिटं होती ते लिहीत नाही. आमच्याही दारावर टकटक झाली आणि सासऱ्यांनी कडी काढली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. “घेतलं म्हणून काय झालं, मत अक्कालाच देणार,” असं ते म्हणाले आणि त्यांनी दिलंही असेल. पण त्या पाकिटाशेजारीच टेबलावर माझं खर्चाचं रजिस्टर उघडं होतं. चहाचा प्रत्येक कप मी त्यात लिहिला होता, आणि त्या रात्री गावात जे वाटलं गेलं ते कुठल्याच उमेदवाराच्या कुठल्याच रजिस्टरात येणार नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी अक्कांना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्या सासऱ्याला वर्षाला दोन धोतरं लागत्यात, ती कुठनं येतात ते तुला म्हाईत हाय.” त्यांचं मन मोठं. माझं तेवढं नाही, मला अजून राग आहे, आणि तो देणाऱ्यांचा आहे.

2 डिसेंबरला मंगळवार. साडेसात ते साडेपाच मतदान. खालच्या आळीतल्या बायका दळणाला जाव्यात तशा घोळक्यानं केंद्रावर गेल्या. दुपारी बातमी आली की उद्याची मतमोजणी रद्द. काही ठिकाणची निवडणूक 20 डिसेंबरला ढकलली होती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळीकडचे निकाल एकदमच 21 तारखेला लावायला सांगितले. म्हणजे 19 दिवस मशीनं कुलपात आणि माणसं बाहेर. पक्षवाल्यांनी गोदामाबाहेर पाळीपाळीनं माणसं बसवली, रात्री शेकोट्या पेटवल्या. आमच्याकडे बसायला माणसं नव्हती. रिक्षावाले दादा रात्रीची शेवटची फेरी झाली की तिथं जाऊन तासभर उभे राहायचे, कुणी सांगितलेलं नसताना.

अक्कांनी 3 तारखेला सकाळी सहाला गिरणी उघडली. त्या एकोणीस दिवसांत पाणी चारदा आलं, चारही नोंदी वहीत आहेत.

मतमोजणीला मी प्रतिनिधी म्हणून आत होते. मोजणी केंद्रावार होते, त्यामुळे कुठून किती मतं आली ते समोरच कळत जातं. आमच्या प्रभागाची तीन केंद्रं. खालच्या आळीच्या केंद्रावर अक्कांना 312. मधल्या गल्लीच्या केंद्रावर 174. वरच्या आळीच्या केंद्रावर 97. मी कागदावर बेरीज केली, पुन्हा केली, आणि बाहेर आले. लोक विजयी उमेदवाराला खांद्यावर घ्यायला पुढं धावत होते, गुलालानं समोरचं दिसत नव्हतं. अक्का आणि दाजी फाटकाच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे होते. मला रडू येत होतं. मी कागद पुढं केला.

अक्कांनी चष्मा लावला. एकूण आकड्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोट थेट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

“वरच्या आळीत सत्त्याण्णव?”

“हो.”

“सत्त्याण्णव मतं?” त्यांनी दाजींना दाखवलं. “मला वाटलं हुतं पंधरावीस पडतील. सत्त्याण्णव माणसांनी मोटारीचं ऐकून घेऊनबी बटण दाबलं. कोण आसतील गं ही?” आणि घरी जाईपर्यंत त्या रिक्षात नावं घेत होत्या. देवळाशेजारचे गुरुजी असतील, ती माहेर टोकाला असलेली सून नक्की, तिची सासूही असेल. मोजत मोजत चाळिसापर्यंत आल्या. हरलेल्या माणसाला घरी घेऊन जातो आहोत असं आम्हाला कुणालाच वाटेना.

निवडून आलेली मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या बॅनरवर तिच्यापेक्षा सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा फोटो मोठा होता. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी आमच्याकडं पुष्कळ ठिकाणी बाई सही करते आणि कारभार घरातला पुरुष बघतो, हे कुणी नाकारू नये. तिचंही तसंच होईल असं मी गृहीत धरलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अक्कांनी तिन्ही वह्यांची झेरॉक्स काढायला मला पाठवलं. 74 पानं झाली. मी सवयीनं पावती घेतली आणि हा खर्च कुठं दाखवायचा म्हणून विचारलं. “हा इलेक्शनचा खर्च न्हाई,” त्या म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले. मग आम्ही दोघी नव्या नगरसेविकेच्या घरी गेलो. ओट्यावर माणसांची गर्दी होती, हार, पेढे, फोटो. अक्कांनी पेढा घेतला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, झेरॉक्सचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि “सवडीनं वाच” एवढंच म्हणून परत फिरल्या. तो गठ्ठा रद्दीत जाणार, असं मला वाटलं.

चारच दिवसांनी ती गिरणीत आली. संध्याकाळची वेळ, एकटीच, स्कूटीवर. गिरणी चालू होती म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. गठ्ठा तिच्या काखेत होता आणि त्यात दोनतीन ठिकाणी कागदाचे तुकडे खुणेला घातलेले होते. तिनं एक पान उघडून अक्कांपुढं धरलं.

“अक्का, प्रत्येक ओळीपुढं तुम्ही लाईट होती, लाईट नव्हती, असं का लिहिलंय?”

अक्कांनी दाजींना मोटार बंद करायला सांगितलं. पट्टा थांबला. कोपऱ्यातला एक भरलेला डबा पुढं ओढून त्यांनी झाकणावरचं पीठ हातानं पुसलं आणि तिला म्हणाल्या, “बस हितं.”